शेवटपर्यंत बसलेली बाई

मी चौतीस वर्षं लोकांच्या पाठी पाहिल्या. नोकरीच तशी होती. सरकारी प्रचार गाडीवर मी ऑपरेटर होतो. दिवस मावळायच्या आत गाव गाठायचं, दोन झाडांच्या मध्ये पांढरा पडदा ताणायचा, पंचवीस-तीस पावलं मागे टेबलावर प्रोजेक्टर मांडायचा, जनरेटर त्याच्याही मागे दूर ठेवायचा आणि अंधाराची वाट पाहायची. गाव पडद्याकडे तोंड करून बसतं, ऑपरेटर गावाच्या मागे उभा राहतो. त्यामुळे चंद्रपूर आणि गडचिरोलीतली बरीच गावं मला पाठीकडून ओळखू येतात. हसू आलं की पाठी पुढे झुकतात, भीती वाटली की एकमेकींजवळ सरकतात, कंटाळा आला की उठून घरी जातात. चेहऱ्यांबद्दल विचाराल तर माझी साक्ष कोर्टात टिकणार नाही.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "थरारक काहीतरी लिहा. जंगलातली नोकरी, वाघ वगैरे." वाघ मला दोनदा दिसला. दोन्ही वेळा त्याने सरकारी गाडीकडे दुर्लक्ष केलं आणि त्या गाडीची अवस्था पाहता ते योग्यच होतं. वाघ इथे संपला. मला लिहायचं आहे ते गेल्या मे महिन्यातल्या एका मोफत सिनेमाबद्दल. पण त्याआधी माझ्या कामातली एक खोड सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही दाखवायचो ते सिनेमे म्हणजे मलेरिया, क्षयरोग, भाताचं सुधारित बियाणं, लहान कुटुंब. ते बनायचे मुंबई-पुण्याकडे आणि त्यातला निवेदक असा बोलायचा की जणू त्याचा प्रत्येक शब्द इस्त्री करून आणला आहे. "बियाण्यास बुरशीनाशकाची प्रक्रिया करावी." पोंभुर्ण्याच्या पुढच्या गावात ही भाषा आणि रेडिओवरचं संस्कृत यांत फारसा फरक नव्हता. म्हणून आम्ही ऑपरेटर लोक एक करायचो. सिनेमाचा आवाज बारीक करायचा आणि स्वतः माईक हातात घ्यायचा. खात्याच्या नियमांत हे बसत नव्हतं. पण लोकांना समजलं पाहिजे, असंही खात्याच्या नियमांत कुठे लिहिलेलं मला आढळलं नाही.

"हा पाहा जी, ह्याच्या बांधीत तुडतुडा लागला. आता हा कोनाकडे जाते? कृषी सहायकाकडे जाते. अन् तो भेटते का? सिनेम्यात भेटते."

पाठी हलायच्या. बांधी म्हणजे आमच्याकडचा भाताचा तुकडा. शब्द आपला असला की माणूस पुढचंही ऐकतो. गोंडी गावांत मी सांगायचो आणि तिथले मास्तर गोंडीत सांगायचे. सिरोंच्याकडे मी तेलुगूही बोललो आहे. ते ऐकून तिथल्या लोकांनी विनंती केली की तुम्ही नुसता सिनेमा दाखवा.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. मूल तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारा कायम पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचा. पडदा पातळ कापडाचा, मागूनही चित्र दिसायचं, फक्त उलटं. पुढे गर्दी होते, पोरं ओरडतात, मागे वारा छान लागतो, असं त्याचं म्हणणं. त्याने आमचे सगळे सिनेमे उलटे पाहिले. एकदा मला म्हणाला, "तुमच्या खात्यात सारेच डाक्टर डावखुरे कसे जी?" मी समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असन. पन पुढून पाह्यणारे तरी कुठी सरळ पाहतात?" असा समीक्षक मला नंतर कुठल्याच साप्ताहिकात वाचायला मिळाला नाही.

आता खोड. मी शेवट बदलायचो.

प्रचाराच्या सिनेमात माणसं फार मरत. गोळ्या घेतल्या नाहीत, मेला. पाणी उकळलं नाही, मेला. दिवसभर भाताच्या रोवणीत वाकलेल्या माणसांना रात्री बोलावून हे दाखवायचं माझ्या जिवावर यायचं. माईक माझ्या हातात होता. मग मी मेलेल्याला आजारी करायचो, आजाऱ्याला बरा करायचो. निघून गेलेली बायको माझ्या सिनेमात माहेरी पाहुणी गेलेली असायची. लोक खुशीत घरी जायचे आणि मीही. मला वाटायचं, एवढी दया सरकारला परवडायला हरकत नाही.

पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलातलं एक गाव. तिथे सोमाजी नावाचा माणूस पहिल्या रांगेत घोंगडी पांघरून बसला होता, शेजारी बायको. तो खोकत होता तेव्हा त्याची पूर्ण पाठ उचलली जात होती. सिनेमा क्षयरोगाचाच होता. त्यातला तरुण शेतकरी औषध घेतो, दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, म्हणून गोळ्या सोडून देतो आणि शेवटी मरतो. पडद्यावर चिता पेटली. मी सोमाजीच्या पाठीकडे पाहिलं आणि माईकवर म्हणालो, "हे पाहा, गावात होळी पेटली. गडी बरा झाला अन् होळीत नाचून राह्यला." चितेभोवती माणसं होती, धूर होता. होळी म्हणून खपून गेली. टाळ्या पडल्या.

पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो. पडदा बांधत होतो तेव्हा सोमाजीची बायको आली. कपाळ मोकळं. म्हणाली, "भाऊ, तुमच्या सिनेम्यातला तो मानूस गोळ्या सोडून बी बरा झालता ना? आमच्या ह्यायनं बी सोडल्या. मंग ह्यायले काऊन नाई झालं तसं?"

तिने रागाने विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काही दिलं असेल तर ते खोटंच असणार. त्या दिवसापासून मी शेवट बदलणं बंद केलं. ही गोष्ट मी घरीही कधी सांगितली नाही. बायको गेली तेव्हा ती न ऐकताच गेली.

निवृत्त झालो तेव्हा गाडी भंगारात निघाली होती. चंद्रपुरात घर आहे. मुलगी पुण्याला असते, रविवारी फोन करते. बाकीच्या दिवशी मी वाचतो. जुन्या रशियन कादंबऱ्यांची भाषांतरं वाचताना मला अजून नावं लिहून ठेवावी लागतात, पण ती माणसं संध्याकाळी घरात असतात, हे काय कमी आहे? शेजारी विचारतात, "काका, एकटे कंटाळत नाही का?" मी म्हणतो, सवय आहे. खरंच आहे. तीनशे माणसांच्या मागे एकट्याने उभं राहायची सवय घरात उपयोगी पडते.

आमच्या शहरात एक सिनेमंडळ आहे. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. जगातला सिनेमा चंद्रपुरात आणल्याशिवाय ते स्वस्थ बसणार नाहीत आणि चंद्रपूर त्यांना त्याबद्दल क्षमा करत आलं आहे. मे महिन्यात त्यांनी रोमानियाचा एक गुन्हेपट दाखवायचं ठरवलं. एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी तीनला, मोफत. पेपरात आलं: 'बेपत्ता तरुणाच्या शोधाची काळीकुट्ट कथा. रसिकांनी लाभ घ्यावा.' मला तांत्रिक बाजू सांभाळायला बोलावलं. आता तांत्रिक बाजू म्हणजे लॅपटॉपला वायर लावणं आणि खिडक्यांना काळा कागद चिकटवणं.

पारा शेहेचाळीसच्या घरात होता. हॉलमध्ये दोन मोठे कूलर लावले होते आणि साठेक माणसं जमली. अध्यक्ष हरखून गेले. मी गर्दीच्या पाठी पाहिल्या. सगळ्या कूलरच्या दिशेने वळलेल्या होत्या.

दीपप्रज्वलनात ज्योत टिकेना म्हणून आधी कूलर बंद केले, समई लागली, पुन्हा चालू केले, ज्योत विझली. दिवा लावल्याचा फोटो निघाला होता, त्यामुळे कोणाचं अडलं नाही. प्रमुख पाहुण्यांनी रोमानियाला रोमन साम्राज्याची थोर परंपरा असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या उद्‌घाटनाला निघून गेले. मग माझा सत्कार. 'सिनेक्षेत्रातील पन्नास वर्षांच्या सेवेबद्दल' शाल आणि सोनेरी फीत बांधलेला नारळ. जास्तीची सोळा वर्षं मला मंडळाने दिली. त्या उकाड्यात शाल मात्र ताबडतोब काढून ठेवली.

सिनेमा सुरू झाला आणि पाचव्या मिनिटाला फ्यूज उडाला. हॉलच्या जुन्या वायरिंगला दोन कूलर आणि प्रोजेक्टर एकत्र पेलेनात. फ्यूज बांधला, पुन्हा उडाला. मी अध्यक्षांना म्हणालो, "सर, एक काहीतरी बंद ठेवावं लागेल."

"कूलर बंद करून कसं चालेल हो?"

"सिनेमा बंद करून चालेल का?"

त्यांनी खरोखर विचार केला. मग खिन्नपणे म्हणाले, "कूलर बंद करा."

त्यानंतर जे झालं ते मी ओळखून होतो. पहिली रांग उठली, मग दुसरी. कोणी फोन कानाला लावून गेलं, कोणी नुसतंच गेलं. अध्यक्षांची शुगर कमी झाली, तेही घरी गेले. जाताना म्हणाले, "तुम्ही आहातच." अर्ध्या तासात हॉलमध्ये एकच पाठ उरली. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई. मांडीवर प्लास्टिकची पिशवी.

तिने मागे वळून पाहिलं. चौतीस वर्षांत फार थोड्या लोकांनी वळून पाहिलं होतं.

"ओ भाऊ, हे खाली काय लिवून येऊन राह्यलं?"

"ते लोक बोलतात ते, बाई. इंग्रजीत आहे."

"तुम्हाले वाचता येते?"

"येतं थोडंफार."

"मंग इकडं या ना जी. तिथून कसे सांगान?"

लॅपटॉपला ऑपरेटर लागत नाही. मी नाही म्हणायला कारणच नव्हतं. जाऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. माणसांच्या रांगेत बसून सिनेमा पाहायची माझी ती दुसरी की तिसरी वेळ.

मी सांगायला लागलो. माझी भाषा आपोआप जुनी झाली. "हे नदीकाठचं गाव आहे. थंडी लय आहे, नदी गोठली. ह्या बाईचा पोरगा बोटीवर कामाले होता. घरी आलाच नाई. हा मिशीवाला पोलीस त्याले शोधून राह्यला. आता ते म्हणते, पोरगा दारू पेत होता का?"

"हे तर सारेच इचारतात," ती म्हणाली.

पोलिसांना धक्क्याजवळ एक प्रेत सापडलं. कोणी बेवारशी. पोलीस तिथेच उभा राहून डबा उघडून पाव खाऊ लागला.

"मढ्याजवळ खाते का जी हा?"

"रोजचं आहे त्याचं."

"हौ. रोजचं झालं की तसंच होते."

या सिनेमात एक सोय होती. माणसं जेवायला बसली की जेवण संपेपर्यंत कॅमेरा हलायचा नाही. बोलणं नाही, संगीत नाही, नुसते चमचे. अशा एका लांबलचक जेवणात तिने मला तिचं सांगितलं. घामाने आम्ही दोघं भिजलो होतो आणि पडद्यावर बर्फ पडत होता.

नाव कौसल्या. सावलीच्या पुढचं वैनगंगेकाठचं गाव, भाताची थोडी शेती. नवरा आधीच गेलेला. एकुलता मुलगा विलास माजरीकडे कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होता. पोळ्याला येतो म्हणून निरोप होता. आला नाही. ट्रकवाला म्हणाला, तो कधीच काम सोडून गेला. ठाण्यात नोंद झाली, फोटो दिला, फोटो परत मिळाला नाही. कोणी त्याला बल्लारशाला पाहिलं म्हणे, कोणी हैदराबादला.

"बारा वर्सं झाली," ती म्हणाली. "आता दीर म्हणते, पळसाचा मानूस करू."

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. माणूस हरवला आणि बारा वर्षं आला नाही, तर पळसाच्या पानांची त्याची आकृती करतात, तिला अग्नी देतात आणि मग पुढचे दिवस करतात. त्यानंतर तो गेला असं धरायचं.

"दीर चांगला आहे जी. वयनी, तू हो म्हटल्याबिगर करत नाई म्हणते. अमावस्या बुधवारी आहे. मले उद्या सांगाचं आहे."

"मग तुम्ही इथे कशा आल्या?"

"आंगनवाडीच्या बाईनं पेपर वाचून दाखवला. बेपत्ता पोरगा, असं लिवलं होतं. म्हटलं पाहून येतो. हरवलेल्याले कसे शोधतात, अन् कवा थांबतात, ते पाह्यचं होतं मले."

"बाई, सिनेमा आहे हा. खरं नसतं."

"माहीत आहे जी मले. मंडईच्या जत्रेतली नाटकं काय कमी पाह्यली?" ती थोडी हसली. "पन लिवणाऱ्यानं कोनाले तरी पाह्यलंच असन ना?"

जेवण संपलं, कॅमेरा हलला आणि मी पुढे सांगू लागलो. पण आता प्रत्येक ओळ वाचताना मला घाबरायला होत होतं. मी हा सिनेमा आधी पाहिला नव्हता. काळीकुट्ट कथा आहे, एवढं पेपरात होतं. पेपरवाले एरवी खोटं लिहितात, नेमकं तेवढंच खरं निघालं.

बर्फ वितळायला लागला आणि नदीतून एक प्रेत वर आलं. पोलीस आणि त्याचा जोडीदार काठावर उतरले. ताडपत्री उचलली. चेहरा दाखवला नाही. पोलीस बराच वेळ वाकून पाहत राहिला, मग जोडीदाराला हळूच दोन ओळी बोलला. त्या खाली उमटल्या. 'तोच आहे. तिला काही सांगायचं नाही, वरून तसा हुकूम आहे.'

मी वाचलं. आणि गप्प बसलो.

ओळ जाईपर्यंत किती वेळ लागतो? दोन सेकंद, तीन सेकंद. ती गेली. मी ठरवून काही केलं नाही. पण सोमाजीच्या वेळी तरी मी कुठे ठरवलं होतं?

पुढच्या प्रसंगात पोलीस त्या आईच्या घरी गेला. मला पुन्हा वाचा फुटली; खाली आलं तेच मी सांगितलं. "तो म्हणते, बाई, नदीत एक सापडला, पन तो तुमचा पोरगा नाई. तुम्ही वाट पाहा."

कौसल्या पडद्याकडे पाहत म्हणाली, "खोटं बोलून राह्यला."

"कशावरून?"

"टोपी काढली ना त्यानं. पह्यल्या मढ्याजवळ पाव खाल्ला. ह्याच्याजवळ टोपी काढली. वळखीचाच असन." आणि मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाली, "अन् तुम्ही बी तवाच चूप झाले. आतापावतर एकएक गोष्ट सांगून राह्यले होते. तिथीच काऊन चूप झाले भाऊ?"

टोपी मला दिसली नव्हती. चौतीस वर्षं सिनेमे दाखवले आणि मी खालची अक्षरं वाचत बसलो. तिने सिनेमा पाहिला होता.

"तो म्हणाला, तोच आहे," मी सांगितलं. "तिला सांगायचं नाही म्हणाला."

"हं."

एवढंच. मग आम्ही उरलेला सिनेमा पाहिला. शेवटच्या प्रसंगात ती आई टेबलावर दोन ताटल्या मांडते, एकीत वाढते, दुसरी पालथी ठेवते आणि जेवते. कॅमेरा जेवण संपेपर्यंत हलत नाही. मग काळा पडदा आणि नावं.

"हे काय आता?"

"सिनेमा करणाऱ्यांची नावं आहेत."

नावं वर सरकत राहिली. शेकडो. ती सगळी पाहत बसली.

"एवढे लोक होते," ती म्हणाली, "अन् तिले सांगाले एक बी नाई."

मी दिवे लावले. कूलर चालू केले. दोन माणसांसाठी ते जिवाच्या आकांताने फिरू लागले. मग मी तिला सोमाजीची गोष्ट सांगितली. का सांगितली, माहीत नाही. होळीचं सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं, त्या बाईने काय विचारलं ते सांगितलं. ती कूलरसमोर पदराने मान पुसत ऐकत होती.

"तिले मंग खरं सांगतलं का तुम्ही?"

"नाही."

"पुन्हा गेले नाई त्या गावी?"

"बदली मागून घेतली. गाडी गडचिरोलीकडे गेली."

ती काही बोलली नाही. मला वाटतं, त्या गावाच्या वतीने कोणीतरी मला एवढं गप्प बसून दाखवायला हवंच होतं.

सावलीची गाडी साडेसहाला होती. मी तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेलो. ऊन उतरलं होतं, पण डांबर अजून तापलेलं होतं. सत्काराचा नारळ माझ्या पिशवीत होता. एकट्या माणसाला नारळ म्हणजे संकट. अर्धा वापरला जातो, अर्धा वास मारतो. मी तो तिला दिला. "घरी न्या. चटणी करा."

तिने फीत पाहिली. "हा तुमच्या मानाचा आहे ना जी?"

"मान सोळा वर्षं जास्तीचा आहे. न्या."

तिने तो पिशवीत ठेवला. गाडी लागली. पायरीवर चढताना ती थांबली.

"उद्या हो म्हणतो मी दिराले," ती म्हणाली. "तुम्ही या बुधवारी. तुम्ही सारा पाह्यला ना माह्यासंगं."

मी खिडकीतून फोन नंबर दिला. गाडी गेली. रात्री अध्यक्षांचा फोन आला. "कसा होता प्रतिसाद?" मी म्हणालो, शेवटपर्यंत एकाग्र होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की रसिकांनी अलोट गर्दी केली. सोबत समईचा फोटो होता.

बुधवारी मी गेलो. दिराने सकाळीच फोन करून गावाचा रस्ता सांगितला होता. वैनगंगेचं पात्र मे महिन्यात नुसती वाळू असते, धार पार पलीकडे सरकलेली. डोक्याला दुपट्टा गच्च बांधूनही कानाजवळ भट्टी पेटल्यासारखं वाटत होतं. आमच्याकडे बाया घाटावर जात नाहीत. ती आली होती. कोणी काही म्हटलं नाही.

वाळूवर माणूस मांडला होता. पळसाची पानं एकावर एक, हात, पाय, छाती. पानं नवी होती, अजून लवलवीत. पाच फूट सहा इंच असेल. दिराने सांगितलं, वहिनीने दोरीने मोजून दिली उंची. डोक्याच्या जागी नारळ होता. शेंडीखाली सोनेरी फीत अजून तशीच बांधलेली होती.

मी सवयीने सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. पुढे पंचवीस-तीस पाठी. तिची सगळ्यांत पुढे, ताठ. दिराने अग्नी दिला. पळसाच्या ओल्या पानांचा धूर फार होतो. तो सरळ वर गेला नाही, आमच्या अंगावर आला. ही होळी आहे असं सांगणारा तिथे कोणी नव्हता.

मी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि हातात धरला.

मला वाटलं होतं, मागे कोणाचं लक्ष जाणार नाही. पण तिने वळून पाहिलं. माझ्या डोक्याकडे पाहिलं, हातातल्या दुपट्ट्याकडे पाहिलं. त्या धुरात तिचा चेहरा मी नीट पाहिला. कोर्टात विचारलं तर सांगू शकेन.

"भाऊ," ती म्हणाली, "ऊन लागन तुम्हाले. बांधा आता."